धुक्याची चाळीस पानं

गारा पडायला लागल्या की शहाणी माणसं घराकडे पळतात. ग्राउविकची माणसं मात्र गरम पाण्याच्या कुंडात आणखी खाली सरकतात. डोकं तेवढं वर, डोक्यावर गारांचा तडतडाट आणि खाली ऊबच ऊब! या सुखाला तोड नाही. ज्याला पटत नसेल त्याने खुशाल घरी बसावं.

त्या सप्टेंबरच्या संध्याकाळी स्वाला अशीच हनुवटीपर्यंत पाण्यात बसली होती. गावच्या पोहण्याच्या तलावावरची तिची पाळी नुकतीच संपली होती. काचेच्या खोलीत बसून पोहणाऱ्यांवर नजर ठेवायची, आणि कुणी बुडत नसेल तेव्हा, म्हणजे नेहमीच, कादंबरी लिहायची, असं तिचं चार वर्षं चाललं होतं. कादंबरी एकदाची लिहून झाली. राजधानीतल्या एका प्रकाशकाकडे गेलीही. आणि तिथून आजतागायत हूं नाही की चूं नाही.

कुंडात समोर एकच माणूस होता. अनोळखी, तरुण. डोक्यावर लोकरीची टोपी आणि टोपीवर गारांचा पांढरा ढीग.

"डोक्यावर केक झालाय तुझ्या," स्वाला म्हणाली.

आमच्या देशात अहो-जाहो नाहीच. पंतप्रधान कुंडात उतरला तरी त्याला 'जरा सरक' एवढंच म्हणतात.

"खाणार?" त्याने टोपी काढून पुढे धरली.

तिने खरंच एक गार उचलून तोंडात टाकली. "साखर कमी पडलीय."

"तिथे कळवतो," तो आभाळाकडे बघत गंभीरपणे म्हणाला.

ती हसली. वाफेतून त्याचे डोळे मध्येच दिसत होते, मध्येच नाहीसे होत होते... आणि दिसले की आपण तिकडेच बघत होतो हे तिच्या लक्षात येत होतं.

"कुणाकडे आलायस?"

"मामाकडे. पलीकडच्या किनाऱ्यावर. मेंढ्या उतरवायला."

सप्टेंबरात डोंगरावरून मेंढ्या खाली आणायच्या असतात, तेव्हा ज्याला म्हणून दोन पाय आहेत तो प्रत्येक भाचा-पुतण्या गावात हजर होतो. त्यामुळे यात नवल काही नव्हतं.

"आणि एरवी काय करतोस?"

"एरवी... वाचतो."

"वाचतो! हा काय धंदा झाला?"

"मलाही अधूनमधून तीच शंका येते."

कुंडात बोललेलं वाफेबरोबर उडून जातं असं आमच्याकडे मानतात. म्हणून स्वालाने मन मोकळं केलं. "माझंही पुस्तक अशाच एका वाचणाऱ्याकडे पडलंय. सहा महिने! बाल्दूर नावाचा कोणी संपादक आहे."

"कसा आहे?"

"पाहिलाय कुणी! टकलू असणार. नाकाच्या शेंड्यावर चष्मा. माझ्या कागदांवर कॉफीचा कप ठेवत असणार मेला. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्यांची जात ती!"

"टकलू... नक्की?" त्याने ओल्या कुरळ्या केसांतून हात फिरवला.

"शंभर टक्के."

त्याने टोपी पुन्हा डोक्यावर चढवली. मग वाफेकडे बघत हळूच म्हणाला, "धाकटी बहीण लाल स्वेटर उलटा वाळत घालते. पलीकडच्या किनाऱ्यावरून थोरली ते बघते. चुलीवर दूध उतू जातं, पण ती जागची हलत नाही... हे वाचत होतो तेव्हा माझी बस आली आणि गेली. दुसरी आली, तीही गेली."

स्वालाने जे केलं ते तुम्हीआम्हीही केलं असतं. ती डोक्यासकट पाण्याखाली गेली.

पाण्याखाली गरम होतं आणि शांत होतं. चार वर्षं ते दूध तिच्या एकटीच्या डोळ्यांसमोर उतू जात होतं. आता ते दुसऱ्या कुणीतरी पाहिलं होतं. जिला कधी भेटला नव्हता तिच्या डोक्यातल्या स्वयंपाकघरात हा माणूस जाऊन उभा राहिला होता, दुधाचा करपट वास घेऊन आला होता. असं होऊ शकतं? खरंच होऊ शकतं हे?

श्वास संपला तेव्हा ती वर आली.

"टकलू नाहीयेस," ती म्हणाली.

"नाही. कॉफीचा कप मात्र ठेवला होता. चुकलंच."

*

दुसऱ्या दिवशी बाल्दूर काचेच्या खोलीत आला. एका हातात कॉफीचे दोन पेले, बगलेत तिचं हस्तलिखित. वरच्या पानावर खरोखरच तपकिरी गोल डाग होता.

"आमच्या बाईंना पुस्तक आवडलंय," तो म्हणाला. बाई म्हणजे प्रकाशनाच्या मालकीण. "पुढच्या वर्षीच्या नाताळला काढायचं म्हणतात. यंदाची यादी भरलीय. फक्त..."

"फक्त?"

"धुकं काढायचं."

स्वालाच्या कादंबरीत दोन बहिणी होत्या. एका खाडीच्या दोन किनाऱ्यांवर राहणाऱ्या, तीस वर्षं अबोला धरलेल्या. बोलायच्या नाहीत, पण दोरीवर कपडे कसे वाळत घातलेत त्यावरून एकमेकींचं सगळं ओळखायच्या. मध्येच खाडीवर धुकं उतरतं, आणि दोघींनाही समोरची दोरी दिसेनाशी होते. चाळीस पानं धुकं. त्यात काही म्हणजे काही घडत नाही.

"तेच तर पुस्तक आहे!" स्वाला ओरडली. तलावात पोहणारे दोघं दचकून थांबले.

"मला माहितीय."

"मग बाईंना सांग ना!"

"सांगितलं. दोनदा. म्हणाल्या, बाल्दूर, धुकं विकत कोण घेतं?"

स्वाला काचेबाहेर बघत राहिली. पाण्यावरून वाफ सरकत होती. "आणि मीच छापलं तर? यंदाच?"

त्याने पेल्याचं झाकण काढलं, लावलं, परत काढलं. "छापता येतं की. छापखाने पडलेत. पण नीट ऐक हं. आमच्याकडे आलीस तर मुखपृष्ठ आम्ही करतो, देशभरच्या दुकानांत पुस्तक आम्ही पोचवतो, लोक म्हणतात, अरे वा, अमक्यांनी काढलंय म्हणजे काहीतरी असणार. तू स्वतः काढलंस तर शब्द न् शब्द तुझा. चुकाही तुझ्याच. खोकी उचलायची तूच, दारोदार जायचं तूच. आणि लोक म्हणणार, कुणी घेतलं नसेल म्हणून स्वतः छापलं."

"म्हणजे छापू नको?"

"असं कुठे म्हटलं मी?"

"मग काय म्हणतोस? स्पष्ट बोल की!"

"संपादक म्हणून बोलू की... कुंडातला माणूस म्हणून?"

"आधी संपादक."

"आमच्याकडे ये. पहिलं पुस्तक आहे तुझं, एकटी कुठे धडपडशील."

"आणि कुंडातला?"

त्याने तिच्याकडे पाहिलं. "त्या धुक्यातच मला कळलं, या दोघी एकमेकींशिवाय जगू शकत नाहीत. समोरचं दिसेनासं झालं तेव्हा. ते काढलं तर पुस्तक धावेल छान. पण कशासाठी धावतंय हे कळणार नाही."

स्वालाला स्वतःच्या छातीचे ठोके ऐकू येत होते, आणि त्यालाही येत असतील या विचाराने तिचे कान तापले.

"आणखी एक आहे," तो कॉफीकडे बघत म्हणाला. "सही केलीस तर मी तुझा संपादक. आणि माझा एक नियम आहे. जिच्या पुस्तकावर काम करतो तिला मी जेवायला नेत नाही. एकदा नेलं होतं. पुस्तकही बुडालं आणि जेवणही."

"आणि सही नाही केली तर?"

"तर... मला भूक लागायला हरकत नाही."

ती हसणार तोच त्याने बोट वर केलं. "पण त्यासाठी म्हणून नको हं. आधी पुस्तकाचा विचार कर. शपथ घे."

"उगाच शेफारू नकोस! पुस्तकाची माझी ओळख चार वर्षांची. तुझी कालची."

"बरोबर," तो म्हणाला, आणि जाताना दाराऐवजी काचेवर आपटला.

*

तीन दिवसांनी मेंढ्या खाली आल्या. मोठा गोल वाडा, त्याच्या कडेने प्रत्येक शेताचा एकेक कप्पा, आणि मध्ये बें-बें करणारा पांढरा समुद्र. स्वालाचे वडील हाल्दोर मेंढीचा कान चाचपायचे, कापलेल्या खुणेवरून ती कुणाची ते ओळखायचे आणि त्या कप्प्यात ढकलायचे. बोलायचे नाहीत. हाल्दोरच्या तोंडून दिवसाला एक वाक्य निघालं तरी घरात चर्चा व्हायची.

"बाबा," स्वाला एका हट्टी मेंढीशी झटत म्हणाली, "पुस्तकातली चाळीस पानं काढली तर मोठा प्रकाशक छापतोय. नाहीतर माझं मलाच छापावं लागेल. जीपसाठी साठवलेलं सगळं जाईल त्यात."

हाल्दोरने पुढचा कान चाचपला. "मला काय कळतं त्यातलं? मेंढ्यांच्या खुणांच्या पुस्तकाखेरीज मी दुसरं काही वाचलेलं नाही."

"तरी सांग ना."

दोन मेंढ्या गेल्या. "कसली पानं?"

"धुक्याची."

"खरं लिहिलंयस?"

"हो."

"मग असू दे."

बस. एवढंच. पण स्वालाला छातीवरचा धोंडा उतरल्यासारखं वाटलं. ती मेंढ्यांतून वाट काढत पलीकडच्या कप्प्यापाशी गेली. तिथे बाल्दूर एका एडक्याची शिंगं धरून चिखलात घसरत चालला होता.

"धुकं राहणार!" ती ओरडली.

"म्हणजे?"

"म्हणजे आपला हात जगन्नाथ! मीच छापणार!"

बाल्दूरचा चेहरा पडला आणि त्याच क्षणी उजळलाही. एकाच चेहऱ्यावर दोन्ही कसं मावलं कोण जाणे. एडका सुटून पळाला.

"मला फार वाईट वाटतंय," तो म्हणाला, "आणि मला प्रचंड भूक लागलीय!"

दुपारी गोठ्यात सगळ्या गावासोबत बाकांवर बसून त्यांनी मटणाचं सूप प्यायलं. तो वाटी पुढे करायचा, ती आपल्या वाटीतला बटाटा तिच्यात टाकायची. सगळं गाव सुपाकडे कमी आणि यांच्याकडे जास्त बघत होतं. त्याची थंड बोटं एकदा तिच्या बोटांना लागली... आणि दोघांनीही ती काढली नाहीत. सूप मात्र गार झालं.

मग तो राजधानीला गेला. नाताळच्या पुस्तकांचा लोंढा सुरू झाला की संपादक नावाच्या प्राण्याला जेवायला फुरसत नसते, प्रेमाला कुठून असणार! पण रोज फोन यायचा, आणि रोज त्यात एक वाक्य असायचं, "यादीत नाव घातलंस का?"

*

ही यादी म्हणजे काय, ते सांगते. नाताळात आमच्याकडे एकमेकांना पुस्तकं देतात. चोवीस तारखेला संध्याकाळी पुस्तक उघडायचं आणि चॉकलेटचा डबा घेऊन अंथरुणात शिरायचं. म्हणून नोव्हेंबरात देशभरच्या नव्या पुस्तकांची एक जाडजूड यादी घरोघर फुकट येते, आणि म्हातारेकोतारेसुद्धा पेन्सिल घेऊन खुणा करत बसतात. त्या यादीत जे पुस्तक नाही ते छापलं काय आणि न छापलं काय.

नाव घालायची शेवटची तारीख ऑक्टोबरातला एक शुक्रवार होती. स्वाला म्हणायची, "शुक्रवारी करते की." आणि गुरुवारी सकाळी हाल्दोरने मेंढ्या मोजल्या तर तीन कमी!

मागे राहिलेल्या मेंढ्यांना डोंगरावर सोडून द्यायचं हे आमच्या रक्तात नाही. बापलेक निघाले. दुपारी मेंढ्या सापडल्या, कड्याच्या एका कपारीत निवांत रवंथ करत उभ्या. आणि त्यांना खाली वळवणार तोच धुकं उतरलं.

असं धुकं तिनेही कधी पाहिलं नव्हतं. कशाबशा गाठलेल्या मेंढपाळांच्या झोपडीच्या दारात उभं राहून तिने हात पुढे केला, तर कोपरापुढचा हात नाहीसा! आवाज नाही, वारा नाही, वर-खाली नाही. जग कुणीतरी उचलून ठेवून दिलं होतं. आपण चाळीस पानं लिहिली आणि यातलं एक बोटभर तेवढं त्यात आलं, असं तिला वाटलं. भीती नव्हती वाटत. देवळात गेल्यावर आवाज आपोआप खाली येतो ना, तसं झालं होतं तिचं. त्या पांढऱ्या शांततेत तिला बाल्दूरचं वाक्य आठवलं. समोरचं दिसेनासं झालं तेव्हाच कळलं... आणि तिलाही कळलं. इतकं साफ कळलं की ती दाराची चौकट धरून तिथेच खाली बसली.

"धुक्यावर चाळीस पानं लिहिलीस ना?" झोपडीतून हाल्दोरचा आवाज आला. "घे आता!"

शुक्रवार गेला. शनिवारी धुकं उठलं. तीन मेंढ्या पुढे घालून दोघं खाली आले, आणि रस्त्याला लागताच स्वालाचा फोन थरथरायला लागला तो थांबेचना. सगळे निरोप बाल्दूरचे. 'आज शेवटचा दिवस.' 'स्वाला, पाचपर्यंतच हं.' 'मी तुझ्या वतीने नाव घालू शकत नाही ग, मी दुसऱ्यांचा नोकर.' मग नुसतंच, 'कुठे आहेस?' आणि शेवटचा निरोप श्वास लागल्यासारखा, 'यादी गेली खड्ड्यात. तू बरी आहेस ना? फक्त बरी आहे म्हण.'

"बरी आहे," तिने फोन लावून म्हटलं, आणि रस्त्याच्या मधोमध उभी राहून ढसाढसा रडली. मेंढ्या थांबून बघत राहिल्या.

*

पुस्तकं छापून आली. ग्राउविकच्या एकुलत्या एका दुकानात, माशांचे गळ आणि रबरी बूट यांच्या मधल्या फळीवर गुन्वोरने ती रचली. गुन्वोर दुकानाची मालकीण. जीभ तिखट आणि काळीज लोण्याचं. प्रत्येक पुस्तकावर तिने गोल चिकटपट्टी लावली: 'बदलून मिळेल'. भेट आलेलं पुस्तक नको असलं किंवा दोनदा आलं, तर नाताळनंतर बदलून घ्यायचं, ही रीतच आहे. चिकटपट्टी काढली की मात्र संपलं. पुस्तक कायमचं आपलं.

नोव्हेंबरात यादी आली. स्वालाने पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत चाळली. आपलं नाव नसणार हे पक्कं ठाऊक असताना माणूस का शोधतं? पण शोधतं.

आणि मग गंमत झाली. पुस्तकं खपायला लागली. एकेकाने तीन-तीन, चार-चार नेली. डिसेंबर अर्धा व्हायच्या आत फळी रिकामी! स्वाला हवेत होती. एकदा सुतळी आणायला ती दुकानात शिरली तर बुटांच्या कपाटापलीकडून शाळेतल्या बाईंचा आवाज आला.

"बिचारीचं यादीत नावसुद्धा नाही ग. बाहेरचं कोण घेणार? दे, मला चार दे."

स्वाला सुतळी न घेताच मागे फिरली. म्हणजे ही दया होती तर. गावाने तिला पुस्तकाच्या नावाखाली वर्गणी दिली होती.

"खपलं ना?" रात्रीच्या फोनवर बाल्दूर म्हणाला. "मग अशी का बोलतेयस?"

"खपणं वेगळं. मला... वाचायला हवं होतं कुणीतरी. तू वाचलंस तसं. बस चुकेपर्यंत."

"मला एक प्रत पाठव ना."

"विकत घे."

"इथे मिळत नाही!"

"मग ये इथे."

"रस्ता बंद आहे ग, घाटात बर्फ आहे..." आणि त्याच्या आवाजात असं काही होतं की तिने फोन गालाशी तसाच धरून ठेवला.

नाताळच्या संध्याकाळी भेटी उघडल्या. हाल्दोरने पहिलं पुडकं सोडलं. स्वालाचं पुस्तक, शेजाऱ्यांकडून. दुसरं सोडलं. स्वालाचं पुस्तक, गुन्वोरकडून. तिसरं, चौथं... हाल्दोरने चारही पुस्तकं मांडीवर रचली आणि त्यांच्याकडे बघत बसले. पलीकडच्या घरातून हसण्याचा मोठा स्फोट ऐकू आला. मग त्याच्याही पलीकडून. साऱ्या ग्राउविकने साऱ्या ग्राउविकला एकच पुस्तक दिलं होतं!

स्वालाला धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं. डोक्यावरून पांघरूण ओढून ती झोपून गेली.

आमच्याकडे हिवाळ्यात सूर्य दुपारच्या तोंडावर उगवतो, त्यामुळे सकाळी दहाला बाहेर अजून निळा अंधारच होता. घरात चिडीचूप. तिने बूट चढवले आणि बाहेर पडली. ताज्या बर्फावर एक पाऊल उमटलेलं नव्हतं. कुणी दारापुढचा बर्फ काढत नव्हतं, कुणी कुत्र्याला फिरवत नव्हतं. पण खिडक्या... प्रत्येक खिडकीत दिवा होता.

पहिल्या खिडकीत म्हातारा कोळी पलंगावर टेकून बसला होता. पुस्तक नाकाला लावलेलं. ती खिडकीसमोर उभी राहिली तरी त्याने वर पाहिलं नाही. पुढच्या घरात नवरा-बायको, दोघांच्या हातात दोन प्रती, एकमेकांकडे पाठ करून. गुन्वोर सोफ्यावर आडवी, पोटावर चॉकलेटचा डबा, आणि ती चक्क डोळे पुसत होती. गुन्वोर! स्वाला चालत राहिली. घरामागून घर, दिव्यामागून दिवा, आणि प्रत्येक दिव्याखाली वाकलेलं एक डोकं. शाळेतल्या बाई स्वयंपाकघरात उभ्या होत्या, एका हातात डाव, दुसऱ्या हातात पुस्तक. त्यांच्या मागे शेगडीवर दूध उतू चाललं होतं... आणि त्या हलत नव्हत्या.

स्वाला तिथेच थांबली. श्वाससुद्धा जपून घ्यावा असं वाटलं. आत्ता, या घटकेला, या सगळ्या घरांत तिच्या दोन बहिणी चालत-बोलत होत्या. ती एकटी बाहेर होती आणि अख्खं गाव तिच्या आत होतं. मनात आलं, हे मी केलं? मग आलं, छे, हे एकट्या माणसाचं काम नाही.

ती घरी आली. हाल्दोर अजून अंथरुणात होते. लापशी जशीच्या तशी गार.

"बाबा, काही खातोस का?"

त्यांनी मान वर न करता हात तेवढा वर केला.

"धुक्यात आहे मी," ते म्हणाले. "थांब जरा."

ती जिन्याच्या पायरीवर बसली आणि पोटभर रडली.

*

बदलाबदलीच्या दिवशी गुन्वोरच्या दुकानात मुंगी शिरायला जागा नव्हती. जो तो जास्तीच्या प्रती परत देत होता, आणि स्वाला फळ्यांवरची दुसरी पुस्तकं काढून देत होती.

"एक ठेवलंय हं घरी!" प्रत्येक जण तिला दटावून सांगत होता. "उगाच तोंड पाडू नकोस!"

"या ढिगाचं मी काय करू?" गुन्वोर करवादली. "मिठात घालू?"

"मला दे," दारातून आवाज आला.

भुवयांवर बर्फ, नाक लालभडक, हातात मामाने बोटीच्या टपालाने पाठवलेलं पुस्तक. घाटातला रस्ता सकाळी उघडला होता आणि पहिली गाडी बाल्दूरची होती.

"राजधानीतल्या दुकानांत लोक हे पुस्तक मागतायत," तो धापा टाकत म्हणाला. "यादीत नाही, कुणाला माहीत नाही, पण फोनवर फोन! ग्राउविकच्या प्रत्येक माणसाने आपापल्या बहिणीला, चुलत्याला कळवलंय. आमच्या बाई परवा मला विचारतात, बाल्दूर, ते धुकं कुठे मिळेल?"

दुकानात एकच गलका झाला. बाल्दूर मात्र रांगेत नीट उभा राहिला, पाळी आल्यावर पुढे आला आणि हातातलं पुस्तक स्वालासमोर ठेवलं.

"बदलायचंय."

गलका थांबला. स्वालाने पुस्तकावर हात ठेवला. "का?"

"पानं कमी आहेत."

"कुठली?"

"धुक्याची. चाळीसच निघाली. मला आणखी हवी होती."

"अरे मेल्या!" गुन्वोर ओरडली. "जीव गेला असता ना पोरीचा!"

स्वाला हसत होती आणि डोळेही पुसत होती. "बाई काय म्हणतात?"

"पुढच्या वर्षी आम्ही काढायचं म्हणतात. एक ओळ न कापता. तुझी इच्छा असेल तर."

तिने परत आलेल्या प्रतींच्या ढिगाकडे पाहिलं. मग त्याच्याकडे. "काढू दे. ही आवृत्ती गावाची, पुढची तुमची. पण माझी एक अट आहे."

"सांग."

"संपादक दुसरा हवा."

त्याचा चेहरा खर्रकन उतरला. "दुसरा? का? माझं काही..."

"तुझा नियम आहे ना?" ती अगदी हळू म्हणाली. "आणि मला... सप्टेंबरपासून भूक लागलीय."

बाल्दूरने पुस्तक परत उचललं. मुखपृष्ठावरची गोल चिकटपट्टी जपून सोडवली, म्हणजे ते पुस्तक आता कायमचं त्याचं झालं. चिकटपट्टी बोटाला चिकटून बसली. ती कुठे टाकावी हे न सुचून तो घोटाळला, आणि मग त्याने ती स्वतःच्या जाकिटावर, बरोबर छातीवर, लावली.

'बदलून मिळेल'.

"मीही कुठल्या यादीत नाही," तो म्हणाला. कान जळत होते त्याचे. "आणि मला कुणी मागितलेलंही नाही. तेव्हा... आवडलो नाही तर..."

सगळं दुकान श्वास रोखून उभं होतं. रांगेत मागे उभे असलेले हाल्दोर दुसरीकडे बघतोय असं दाखवत होते.

स्वाला गल्ल्याच्या टेबलाला वळसा घालून बाहेर आली. त्याच्या अगदी समोर उभी राहिली. नखाने चिकटपट्टीची कड उचलली आणि हळूहळू ती पुरती सोडवली. चुरगळून खिशात टाकली. आणि रिकाम्या झालेल्या जागेवर तळहात ठेवला. आतलं काळीज धाड-धाड उडत होतं.

"झालं!" गुन्वोर नाक शिंकरत म्हणाली. "आता हा काही बदलून मिळायचा नाही हं, सांगून ठेवते. चला, पुढचं कोण?"